घाणेरी पेटवल्याने मरत नाही

‘डोंगरावरची घाणेरी उन्हाळ्यात पेटवून द्या; ती मुळासकट जाते, राखेवर गवत जोमाने येते आणि पुढे काही बघावे लागत नाही,’ असा सल्ला व्हॉट्सॲपवर फिरत असतो. घाणेरी म्हणजे टणटणी किंवा लँटाना, रानात झपाट्याने पसरणारे परदेशी झुडूप. राखीव जंगलात आग लावणे भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 नुसार गुन्हा आहे, हे त्यात अर्थातच नसते.

पहिले विधान मुळासंबंधीचे. घाणेरी जळते ती जमिनीवरची. खोड आणि सोटमूळ जिथे जुळतात तो भाग मातीत शाबूत राहतो आणि पाऊस पडताच तिथून एका खोडाच्या जागी अनेक कोंब येतात. कोयत्याने बुंधा छाटला तरी हेच होते. आगीच्या बाजूने कर्नाटकातील बिळिगिरी रंगन टेकड्यांवरच्या सोलिगा आदिवासींचा दाखला देता येईल. थंडी सरताना लावलेल्या हलक्या, पाचोळ्यापुरत्या आगींमुळे पूर्वी घाणेरी आटोक्यात राहत असे, असे ते सांगतात, आणि ते म्हणणे गांभीर्याने घेण्याजोगे आहे. मात्र ते कोवळ्या रोपांविषयी आहे. पुरुषभर उंचीची जाळी भर उन्हाळ्यात पेटवली, तर होतो तो वणवा.

गवत येते, हे काही काळापुरते खरे आहे. परंतु गुरे ते कोवळे गवत खातात आणि विषारी घाणेरीला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे मोकळी जागा अखेर तिलाच मिळते. देशी झाडांची रोपे तर आगीतच गेलेली असतात.

‘पुढे बघावे लागत नाही’ हे सर्वांत घातक. बुलबुलांसारखे पक्षी पिकलेली काळी फळे खाऊन बिया दूरवर टाकतात. म्हणून दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी रूढ केलेल्या पद्धतीत फळे धरण्यापूर्वी बुंध्याभोवतीची माती कुदळीने सरकवून सोटमूळ जमिनीखाली 3 ते 5 सेंटीमीटरवर तोडतात, आणि उपटलेले झुडूप उलटे, मुळे वर करून वाळवतात, कारण ओल्या मातीला टेकलेल्या हिरव्या फांद्याही मुळे धरतात. मोकळ्या जागेत लगेच स्थानिक गवत लावावे लागते, आणि पुढच्या पावसाळ्यांत, विशेषतः पक्षी बसतात त्या झाडांखाली, उगवलेली रोपे हाताने उपटत राहावी लागतात.