हळदीचा डाग लाल का झाला? नाशिकच्या सिडकोतल्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते: रविवारी पार्सल आणलेल्या मिसळीचा रस्सा गालिच्यावर सांडला, माझा लेख वाचून ताईंनी डाग साबणाने पुसला आणि पिवळा डाग लालभडक झाला. ‘असले उपाय लिहून लोकांच्या वस्तूंचं वाटोळं करू नका,’ असं त्या म्हणतात. गालिचा त्यांच्या आईने काश्मीरहून आणलेला, लोकरीचा. तेव्हा हा राग मला जराही अवाजवी वाटत नाही. पण ताई, आधी एक ऐका: तो लाल रंग कायमचा नाही.

तुम्हीच पुढे लिहिलंय की भांड्यांचं लिक्विड घरात नव्हतं म्हणून कपडे धुवायची पावडर घेतली आणि वरून खायचा सोडा टाकून ब्रशने घासलं. लेखात मी लिक्विडचे दोन-चार थेंब सांगितले होते आणि पावडर वापरू नका असंही लिहिलं होतं. हे पुन्हा सांगते ते तुम्हाला दोष द्यायला नाही. लाल रंगाचं कारणच त्या पावडरीत आहे.

हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारं द्रव्य, क्षाराशी गाठ पडली की लाल होतं. पाय मुरगळल्यावर आपण हळद-चुन्याचा लेप लावतो, तो कालवतानाच लाल होतो ना? हळदीपासून कुंकू करतात तेही याच गुणामुळे. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, तो चांगलाच क्षारधर्मी. म्हणजे डाग वाढलेला नाही, हळद तीच आहे, फक्त रंग बदललाय. आंबट काही लागलं की ती पुन्हा पिवळी होते. खरी काळजी लोकरीची आहे, कारण क्षार लोकरीला मानवत नाही. म्हणून पावडरीचा अंश आधी काढायला हवा.

पांढरं सुती फडकं गार पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि डागावर दाबा, उचला, कोरड्या फडक्याने टिपा. असं फेस येणं थांबेपर्यंत करा. घासायचं नाही. घासल्याने लोकरीचे तंतू पिंजतात आणि डाग आतल्या धाग्यांत शिरतो. पाणी ओतायचंही नाही. मग एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी, असं करून त्याच पद्धतीने टिपा. लाली उतरताना दिसेल. त्याआधी कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही अशा जागी ओलं पांढरं फडकं मिनिटभर दाबून बघा. फडक्याला गालिच्याचा रंग लागला तर तिथेच थांबा आणि हाताने विणलेले गालिचे धुणाऱ्या जाणकाराकडे द्या.

तर्रीचं तेल अजून असेल तर डाग वाळल्यावर त्यावर कॉर्नफ्लोअर पसरून दोन-तीन तास ठेवा, मग व्हॅक्यूमने ओढून घ्या. इथे खायचा सोडा नको, पुन्हा लाल होईल. शेवटी उरतो तो फिका पिवळा. कर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळतं, स्पिरिटमध्ये चांगलं विरघळतं. म्हणून कापसावर सर्जिकल स्पिरिट घेऊन, तेही कोपऱ्यात तपासून, कडेकडून मध्याकडे टिपायचं. खिडक्या उघड्या, गॅस आणि देवाजवळची निरांजन विझलेली.

‘व्हिनेगर आणि सोडा एकत्र टाकला की फेस येतो, सगळे व्हिडिओ तेच दाखवतात, तुम्हीच विरोध करता,’ हाही तुमचा मुद्दा आहे. तो फेस कार्बन डायऑक्साइडचा. आम्ल आणि क्षार एकमेकांना मारून टाकतात, मागे राहतं ते बहुतांशी खारट पाणी. डाग काढायला दोन्हींतलं काहीच उरत नाही. या सल्ल्याला माझा विरोध कायम आहे.

उन्हाबद्दलची तुमची शंका मात्र रास्त आहे. उजेडाने कर्क्युमिन फिकं पडतं, हळदीचा डाग पडलेला शर्ट उन्हात वाळवला की उजळतो तो त्यामुळेच. पण गालिच्याचे रंगही उडू शकतात. म्हणून फक्त डागाची जागा उघडी ठेवून बाकी गालिचा जाड चादरीने झाका आणि सकाळचं कोवळं ऊन थोडं थोडं दाखवा. सध्या नाशिकला सूर्यदर्शनच दुर्मीळ, तेव्हा खिडकीजवळचा उजेडही चालेल, वेळ लागेल इतकंच. पावसाळ्यात जास्त जपायचं ते ओलीला. गालिचा खालून ओला राहिला तर वास धरतो, बुरशीही येते. डागाखाली पाट सरकवून जागा जमिनीपासून उचला आणि पंखा चालू ठेवा. ओला गालिचा गच्चीच्या कठड्यावर टाकू नका, स्वतःच्या वजनाने ताणला जातो.

ब्लीच लोकरीला लावायचंच नाही, लोकर विरघळते.

आणखी एक. काश्मीरहून आणलेला प्रत्येक गालिचा लोकरीचाच असतो असं नाही, रेशमी किंवा व्हिस्कोजचाही (रेशमासारखा दिसणारा कृत्रिम धागा) असू शकतो. कडेच्या झालरीचा नव्हे, वरच्या लवीचा एक सुटा धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहा. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर किंवा रेशीम, कागद जळल्यासारखा आला तर व्हिस्कोज. रेशीम किंवा व्हिस्कोज निघालं तर वरचं काहीच घरी करू नका. लोकर असेल तर व्हिनेगरपर्यंत निर्धास्त जा, पण स्पिरिटला हात लावण्याआधी गालिच्याच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठवा. गाठी दिसत असतील तर प्रश्न नाही. मागे कापड चिकटवलेलं असेल तर स्पिरिट आत मुरता कामा नये, त्यासाठी वेगळं सांगेन.