नकाशा लाल झाला म्हणून खोकड सापडत नाही

कोल्हापूरच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं असं: कॅलिफोर्नियातला दुर्मीळ लाल कोल्हा संगणकानं बसल्या जागी शोधून काढला, आपल्याकडची खोकडं (माळावरचे छोटे कोल्हे, इंग्रजीत इंडियन फॉक्स) तशीच शोधा, वनखात्याची पायपीट वाचेल, आणि संगणकानं रंगवलेल्या नकाशात जिथं रंग नाही तो माळ झाडं लावायला नाहीतर शेड ठोकायला मोकळा.

'संगणकानं शोधला.' नाही शोधला. सिएरा नेवाडा रेड फॉक्स ही उंच, बर्फाळ डोंगरातली उपजात. कॅलिफोर्नियातल्या लासेन शिखराच्या परिसरातच काय ती उरली, असा समज होता. २०१० साली तिथून सुमारे ३०० किलोमीटरवर, सोनोरा खिंडीजवळ, रानात लावलेल्या कॅमेऱ्यात एक आली. आमिषाच्या पिशवीला लागलेल्या लाळेतून डीएनए काढला, तेव्हा खात्री पटली.

मॅक्सेंटसारखं मॉडेल, म्हणजे असे नकाशे करणारा संगणकाचा प्रोग्राम, करतं काय, तर जनावर दिसलं त्या जागांची उंची, बर्फ, झाडोरा बघतं आणि तसल्याच जागा आणखी कुठं आहेत ते रंगवतं. पण जुन्या नोंदी बहुतेक लासेनच्या, कारण अभ्यासक तिथंच फिरले. मग मॉडेल कोल्ह्याची आवड शिकणार की अभ्यासकांची? त्यात हे कोल्हे उन्हाळ्यात वर राहतात आणि हिवाळ्यात खालच्या दाट जंगलात उतरतात, म्हणजे एकाच ऋतूच्या नोंदी घेतल्या तर नकाशा अर्धाच. २०११ साली या उपजातीवर छापून आलेल्या अभ्यासाचा विषयच हा होता: नोंदींचा हा कल कसा सावरायचा आणि पाहणी आधी कुठं करायची. नकाशा करणारेच सांगतात, जाऊन बघा. फॉरवर्डवाल्यानं नेमकं तेवढंच गाळलं.

'आपली खोकडं तशीच शोधा.' कुणाच्या नोंदींवर? रात्री उसाच्या फडातून हेडलाइटसमोर आडवा जातो तो बहुतेक वेळा आपला नेहमीचा कोल्हा, इंग्रजीतला जॅकल, आठ-दहा किलोचा. खोकड दोन-तीन किलोचं, कान मोठे, झुपकेदार शेपटीचं टोक काळं. धूसर फोटोखाली कुणी 'फॉक्स' लिहून टाकलं, की मॉडेल शिरोळचा अख्खा ऊस खोकडाचं घर म्हणून रंगवणार. नाद खुळा!

'रंग नाही तो माळ मोकळा.' यातला खोडसाळपणा सगळ्यात मोठा. मॅक्सेंटला 'इथं जनावर नाही' अशा नोंदी लागतच नाहीत. फिका रंग म्हणजे माहीत असलेल्या जागांशी साम्य कमी, बस्स. खोकडाला हवा आखूड गवताचा, लांबवर नजर पोचेल आणि बीळ उकरता येईल असा माळ, म्हणजे कागदोपत्री जो 'पडीक' असतो तोच. एका बिळाला चार-पाच तोंडं, तोंडाशी ताजी माती, आसपासच्या विष्ठेत बोराच्या बिया आणि किड्यांचे चमकणारे पंख. तिथं दाट झाडी लावली की खोकडाचं घर मोडलंच.

शिवाय गावकुत्री कुठं फिरतात ही माहिती अशा नकाशात सहसा नसते. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर दिसलंय की कुत्रं जवळ असलं की खोकडाचं खाण्यावरचं लक्ष उडतं.

नकाशा टाकाऊ नाही. गगनबावड्याच्या झाडीत न शिरता पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातले नकाशावरचे काही चौकोन निवडा, रंगलेले आणि न रंगलेलेही. फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लांचे दिवस, बिळं वापरात असतात. लांबूनच बघा आणि फोटोत शेपटी पूर्ण येऊ द्या.