‘ते येतातच कुठे?’ या प्रश्नाला उत्तर

एखाद्या क्रीडासंकुलाच्या नूतनीकरणाची चर्चा निघाली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. अपंग लोक मैदानावर येतातच कुठे? मूठभरांसाठी एवढा खर्च कशाला? रॅम्प तर आहेच की. फार तर त्यांना वेगळं मैदान बांधून द्या. हे सगळं नवीन फॅड आहे. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असं नाही, पण यातलं एकही विधान तपासल्यावर टिकत नाही.

‘येतातच कुठे?’

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे, म्हणजे साधारण दर सहा माणसांमागे एक. यांना मूठभर म्हणता येत नाही. मग ते दिसत का नाहीत? जिन्यापाशी येऊन परत गेलेल्या माणसाची नोंद कुठल्याच हजेरीपटात होत नाही, म्हणून. आत वापरता येईल असं स्वच्छतागृह असेल याची खात्री नसते, म्हणून व्हीलचेअर वापरणारे कित्येक जण बाहेर पडण्याआधी पाणी पिणंच टाळतात. अशा अवस्थेत दोन-तीन तासांची मॅच बघायला कोण येईल? आधी वाट अडवायची आणि मग माणसं येत नाहीत म्हणून वाट करायची नाही, हा युक्तिवाद मला क्रूर वाटतो.

‘रॅम्प आहेच की!’

सगळ्यात जास्त फसवणूक या वाक्यात आहे. सर्वमान्य प्रमाण असं, की एक फूट चढायचं तर उतार किमान बारा फूट लांब हवा. जागा वाचवायला तो चार-पाच फुटांत उरकला, तर खुर्ची मागे उलटण्याची भीती असते. उतार नीट असला तरी वरच्या टोकाला खुर्ची वळवण्यापुरती, साधारण दीड मीटर सपाट जागा लागते. ती नसेल आणि दार बाहेर उघडणारं असेल, तर त्या माणसाने एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने दार ओढायचं, आणि ते दार अंगावर येत असताना उतारावरच मागे सरकायचं. एकदा स्वतः खुर्चीत बसून करून बघा.

पुढे अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहाला कुलूप, आत जाळ्या आणि बादल्या. बसायची जागा दिलेली असते ती कठड्यामागे, त्यामुळे गोल झाला की पुढची रांग उभी राहते आणि नेमका तोच क्षण दिसत नाही. सोबत आलेल्या मित्राला बसवतात चार रांगा पलीकडे. आग लागली आणि लिफ्ट बंद पडली तर वरच्या मजल्यावरच्या या प्रेक्षकाला बाहेर कसं काढायचं, हे किती कर्मचाऱ्यांना ठाऊक असतं?

शिवाय अपंगत्व म्हणजे फक्त व्हीलचेअर नव्हे. अंध प्रेक्षकाला मैदानावर काय चाललंय हे सांगणारं समालोचन हवं. कर्णबधिराला ध्वनिक्षेपकावरची सूचना पडद्यावर वाचता यायला हवी. गोंगाट सहन न होणाऱ्या स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाला थोडा वेळ शांत बसायला खोली हवी. यातलं एकही काम रॅम्पने होत नाही.

‘खर्च परवडत नाही’

जुन्या स्टेडियमला लिफ्ट बसवणं महाग आहे, हे खरं. ते टप्प्याटप्प्यानेच करावं लागेल. पण नव्या बांधकामात या गोष्टी आराखड्यातच धरल्या तर तोडफोडीचा खर्च मुळात येतच नाही. आणि कुलूप काढणं, पायऱ्यांच्या कडांना उठून दिसणारा रंग देणं, दुचाकी अडवण्यासाठी प्रवेशद्वारावर लावलेल्या आडव्या-तिडव्या नळ्यांशेजारी रुंद वाट ठेवणं, याला कितीसे पैसे लागतात?

‘वेगळं मैदान द्या’

ही सूचना करणाऱ्यांनी हे खेळ बघितलेले दिसत नाहीत. व्हीलचेअर बास्केटबॉल त्याच कोर्टवर, त्याच ३.०५ मीटर उंचीच्या रिंगवर खेळतात. व्हीलचेअर टेनिसला कोर्टही तेच, नेटही तेच. फरक एवढाच, की चेंडूचे एकाऐवजी दोन टप्पे चालतात. अंध आणि अंशतः अंध खेळाडूंच्या गोलबॉलचं कोर्ट १८ बाय ९ मीटरचं, म्हणजे व्हॉलीबॉलएवढंच. तिथे रेषांच्या चिकटपट्टीखाली दोरी घालतात. खेळाडू हातापायांनी ती चाचपतात आणि आपली जागा ओळखतात. चेंडूत घुंगरं असतात, त्यामुळे खेळ चालू असताना प्रेक्षकांनी गप्प राहायचं. या सगळ्याला लागते ती हॉलच्या वेळापत्रकातली एक हक्काची वेळ. वेगळ्या मैदानावर धाडलं, तर शाळेतल्या मित्रांबरोबर खेळायचं तेवढं राहून जातं.

‘हे नवीन फॅड आहे’

१९४८ साली लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी मणक्याच्या दुखापतींवर उपचार करणारे डॉक्टर लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात जखमी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. १९६० मध्ये रोमला पहिलं पॅरालिंपिक, म्हणजे अपंग खेळाडूंचं ऑलिंपिक, झालं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातल्या कलम ३० मध्ये खेळाचा आणि क्रीडास्थळांपर्यंत पोहोचण्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

तेव्हा क्रीडासंकुलांच्या समित्यांना एकच विनंती. कंत्राटदाराचं शेवटचं बिल मंजूर करण्याआधी व्हीलचेअर वापरणाऱ्या, अंध आणि कर्णबधिर अशा काही जणांना बोलवा. प्रवेशद्वार ते आसन, तिथून स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, थेट कोर्टपर्यंत त्यांना कुणाच्या मदतीशिवाय जाऊ द्या. जिथे ते अडतील तिथलं काम अपुरं समजा आणि तेवढे पैसे रोखून धरा.