जांघेतली खाज आणि ती ट्यूब

तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे. पावसाळा लागला की काउंटरवर सगळ्यात हळू आवाजात मागितली जाणारी वस्तू म्हणजे खाजेची ट्यूब. बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत माणूस बाजूला थांबतो आणि मग म्हणतो, "भाऊ, मागच्या वेळी दिलेली ती द्या ना." कुठे खाजतंय, किती दिवस झाले, शुगर आहे का, यातलं एक अक्षर बोलायची त्याची तयारी नसते. म्हणून आज इथे उघडपणे लिहितोय.

त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीन-चार औषधं एकत्र असतात: बुरशीचं, जंतूंचं आणि जोडीला क्लोबेटासोलसारखं जबर स्टिरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि माणसाला वाटतं, गुण आला. प्रत्यक्षात स्टिरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबलेली असते. बुरशी आत निवांत पसरते. ट्यूब बंद केली की पहिल्यापेक्षा जास्त उसळते, मग पुन्हा तीच ट्यूब. महिनोन् महिने हे चालतं. जांघेत लालसर, पुढे पांढरट पडणाऱ्या भेगांसारख्या रेषा उमटतात, आणि त्या पुसल्या जात नाहीत.

त्यातून ही जागाही नाजूक. हायड्रोकॉर्टिसोन कुठल्या त्वचेतून किती शोषलं जातं हे 1967 साली मोजलं गेलं, तेव्हा कोपराखालच्या हाताच्या तुलनेत अंडकोशातून सुमारे 40 पट जास्त शोषलेलं आढळलं. हायड्रोकॉर्टिसोन तर सौम्य स्टिरॉइड. क्लोबेटासोल त्याच्या कितीतरी पट जोरदार. ते महिनाभर तिथे चोळल्यावर अंडकोश लालबुंद होतो, आग आग होते, कपडा लागलेला सहन होत नाही. मग त्या आगीवर माणूस आणखी मलम लावतो.

2018 साली केंद्र सरकारने आणखी काही स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेही या गैरवापराविरुद्ध खास कृतिदल नेमलं. तरीही ट्यूब हातोहात मिळते, आणि माझ्या धंद्यातल्या लोकांनी हे थांबवलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडच्या गजकर्णाच्या बुरशीला 2020 साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे वेगळं नाव मिळालं. तिचे बरेच नमुने टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत. आता ती युरोप-अमेरिकेतही सापडते आहे.

बरं, प्रत्येक खाज गजकर्णाचीच असते असंही नाही. कडेला उंच, खवलेदार, मधून निवळत जाणारं वर्तुळ मांडीवर असेल आणि अंडकोशावर फारसं काही नसेल, तर गजकर्णाची शक्यता जास्त. रात्री अंथरुणात खाज वाढते, लिंगावर किंवा अंडकोशावर टणक पुटकुळ्या आहेत, घरात आणखी कुणी खाजवतंय, तर ती खरूज. तिथे एकट्याने औषध लावून भागत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावं लागतं, अंथरूण-पांघरूणही धुवावं लागतं. काहींना नवा साबण, सुगंधी पावडर किंवा कंडोमचं रबर सोसत नाही. आणि कित्येक जण बादलीत घालायचं अँटिसेप्टिक थेट तसंच लावतात किंवा लसूण वाटून लावतात. त्याने कातडी भाजते. कृपा करून हे करू नका.

लिंगाच्या टोकाला लाली, पांढरट थर, पुढच्या कातडीला चिरा, आणि हे वारंवार होतंय? मग आधी रक्तातली साखर तपासा. मधुमेहाची पहिली खूण कित्येकदा इथेच दिसते. ज्यांचा मधुमेह आधीच माहीत आहे त्यांनी आपली गोळी बघावी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि त्या साखरेवर तिथे बुरशी वाढते. 2020 मध्ये भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, गोळी स्वस्त झाली, खूप लोकांना सुरू झाली. पण हा त्रास होऊ शकतो हे पुष्कळांना कुणी सांगितलेलं नसतं. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना नीट सांगा, लाजू नका. त्यांनी हे रोज पाहिलेलं असतं. बायकोलाही खाज किंवा अंगावरून पांढरं जात असेल तर दोघांनीही तपासून घ्या.

काळजी म्हणाल तर साधी आहे. रोज कोमट पाण्याने धुवा, पुढची कातडी सहज मागे जात असेल तर तिथेही नुसतं पाणी पुरतं, आणि आठवणीने ती परत पुढे आणा. लहान मुलांची कातडी ओढू नका. अंग पूर्ण कोरडं करूनच कपडे घाला. श्रावणात दांडीवर अर्धवट वाळलेली चड्डी घालण्यापेक्षा ती इस्त्री करून घ्या. सुती, सैल घाला; दिवसभर ट्रॅक्टरवर किंवा बाइकवर असाल तर घरी येताच बदला. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. कमरेचा करगोटा हा श्रद्धेचा विषय आहे हे मी जाणतो, पण ओला दोरा दिवसभर कमरेला घासतो आणि त्याच्याखाली गजकर्ण धरतं. निदान बरं होईपर्यंत तो काढून ठेवा. गजकर्णाचं औषध डाग गेला म्हणून बंद करू नका. डॉक्टर सांगतील तितके आठवडे घ्या.

आणि या काही गोष्टी दिसल्या तर ट्यूबच्या मागे न लागता थेट डॉक्टरांकडे जा: न दुखणारी जखम, पाण्याचे फोड, लघवीच्या जागेतून पू, मागे गेलेली कातडी सुजून अडकणं, पांढरी पडून आवळत चाललेली कातडी, उतारवयात न भरणारा व्रण किंवा गाठ. कातडी अडकली असेल तर त्याच तासाला निघा. गुप्तरोगाची शंका असेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, आणि तुमची माहिती गुप्त ठेवली जाते.