वय समजू शकते, पण वार आणि पत्ता?

नमस्कार,

इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: खुबा मोडलेल्या ऐंशीच्या पेशंटला पूर्ण सांधा (खुब्याचा गोळा आणि वाटी दोन्ही कृत्रिम) बसवायचा अट्टहास कशाला? अर्ध्या सांध्यावर (फक्त गोळा कृत्रिम) भागतं, २०१९च्या मोठ्या चाचणीतही दोन्हींत फारसा फरक दिसला नाही, आणि पात्र पेशंटलाही पूर्ण सांधा न बसवण्याच्या सर्जनच्या निर्णयाला मी उगाच भेदभाव म्हणते आहे.

चाचणीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. दहा देशांतल्या सुमारे दीड हजार पेशंटमध्ये दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं. पूर्ण सांध्याचा फायदा थोडाच दिसला आणि सांधा निखळण्याचा धोका जास्त. पण तो पाठपुरावा दोन वर्षांचा होता. अर्ध्या सांध्यात फक्त गोळा बदलतात आणि तो धातूचा गोळा पेशंटच्या स्वतःच्या वाटीतल्या कूर्चेवर घासत राहतो. ती झीज त्रास द्यायला लागते पुढच्या वर्षांत, आणि तीही जास्त चालणाऱ्यांना. म्हणूनच उपचारांबद्दल शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२३मध्ये आपली शिफारस सौम्य केली, तरी दोन वर्षांनंतरही स्वतःचं स्वतः करू शकतील अशा पेशंटसाठी पूर्ण सांध्याचा विचार करा, असंच सांगितलं.

आता मूळ मुद्दा. २०१६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात खुबा मोडलेल्या १ लाख १४ हजार पेशंटच्या नोंदी तपासल्या होत्या. घराबाहेर फार तर काठी घेऊन चालणारे, स्मृती शाबूत असलेले आणि ऑपरेशन झेपणारे, असे 'नाइस'च्या तेव्हाच्या निकषांत बसणारे लोक सुमारे २१ हजार होते. त्यांतल्या ३२ टक्क्यांनाच पूर्ण सांधा मिळाला. उलट ज्यांना मिळाला, त्यांतले ४२ टक्के निकषांत बसतच नव्हते! पात्र असूनही गरीब वस्तीतल्या पेशंटला तो मिळण्याची शक्यता कमी होती, आणि शनिवार-रविवारी ऑपरेशन झालेल्यांनाही कमी.

वयाची बाजू तुम्ही मांडलीत, ती मला समजते. पण रविवारी पडलेल्या बाईचं हाड सोमवारी पडलेल्या बाईच्या हाडापेक्षा वेगळं मोडत नाही. रविवारी ड्युटीवर असलेल्या सर्जनचा हात पूर्ण सांध्यावर बसलेला नसेल, तर त्याने अर्धा सांधा बसवणं हे सुरक्षितच. त्याला मी दोष देत नाही. तिला थांबवून ठेवणंही बरं नाही, कारण उशिराने गुंतागुंत वाढते. पण ही अडचण ड्युटी लावणाऱ्यांनी सोडवायची आहे. तिची किंमत त्या बाईने का मोजावी?

शिवाय पात्रता ठरते कशी, तेही पाहा. स्मृतीची चाचणी दहा प्रश्नांची: वय, वेळ, जन्मतारीख, वीसपासून उलटे आकडे. पाय आखडलेला, वेदनाशामकाची गुंगी, कानाचं मशीन घाईत घरी राहिलेलं, अशा अवस्थेत चुकलेली दोन उत्तरंही केसपेपरवर नोंदली जातात. 'आधी चालायच्या का?' या प्रश्नावर सोबत आलेला नातेवाईक 'घरातच असतात' म्हणून मोकळा होतो. रोज बाहेर पडणारी ती बाई त्या एका वाक्यात घरकोंबडी ठरते. ज्याच्यासोबत नेटाने विचारणारं कुणी आहे, त्याची नोंद दुरुस्त होते. गरीब पेशंट मागे पडण्यात याचा मोठा वाटा असावा, असं मला वाटतं.

'मग सर्जनवर विश्वासच ठेवायचा नाही का?' असं तुम्ही शेवटी विचारलंत. जरूर ठेवायचा. माझी मागणी एवढीच आहे की निकषांत बसणाऱ्या पेशंटला अर्धा सांधा बसवला, तर कारण केसपेपरवर लिहावं, आणि दोन्ही पर्याय पेशंटला ऑपरेशनआधी, गुंगी उतरलेली असताना, त्याच्या भाषेत सांगावेत. निखळण्याचा धोका ऐकून कुणी स्वतःहून अर्धा सांधा निवडला, तर माझी काहीच तक्रार नाही.