‘आपल्याकडे कूलंट कशाला, पाणी पुरे’ : एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

उन्हाळा सुरू झाला की गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक निरोप हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: कूलंट हे थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून वापरायचे द्रव्य आहे आणि महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, तेव्हा इथे नळाचे किंवा आरओचे पाणी पुरते; पाणी उष्णताही अधिक चांगली वाहून नेते; जुन्या गाड्या विहिरीच्या पाण्यावर वर्षानुवर्षे धावल्या; घालायचेच असेल तर रंग जुळला की कोणतेही कूलंट चालते; गाडी सारखी तापत असेल तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकावा; पातळी उतरली की झाकण उघडून भरत राहावे; शिवाय कूलंट विषारी असते. यातल्या बहुतेक विधानांत थोडेफार तथ्य आहे आणि त्या तथ्याच्या आधारावरच उरलेली चूक खपून जाते, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

गोठण्यापासून सुरुवात करू. कूलंटमधले मुख्य द्रव्य, म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळले तर ते मिश्रण उणे 37 अंशांच्या आसपास गोठते, आणि लडाखला गाडी घेऊन जाणारे सोडले तर आपल्यापैकी कोणाला या गुणाची गरज नाही, हे मान्य. परंतु हेच मिश्रण उकळतेही उशिरा. उघड्या भांड्यात पाणी 100 अंशांना उकळते, तर हे मिश्रण साधारण 107 अंशांना. रेडिएटरच्या झाकणाने सुमारे 1 बार (बाहेरच्या हवेच्या दाबाइतका) जादा दाब धरला की पाण्याचा उत्कलनबिंदू 120 च्या जवळ जातो आणि मिश्रणाचा 125 च्या पुढे. चंद्रपूरच्या मे महिन्यात, एसी चालू ठेवून, फाटकापाशी अर्धा तास उभ्या असलेल्या गाडीला हे अंतर उपयोगी पडते. आणि झाकणाचे रबर जुने होऊन दाब सुटू लागला असेल, तर केवळ पाण्यावरची गाडी आधी उकळते.

पाणी उष्णता अधिक चांगली वाहून नेते, हा निरोपातला दावा मात्र शास्त्राला धरून आहे. म्हणूनच तर मिश्रणात निम्मे पाणी असते, आणि कॅनमधले तीव्र कूलंट पाणी न मिसळता तसेच ओतणे ही उलट्या बाजूची चूक ठरते. डब्यावर ‘रेडी टू यूज’ लिहिले आहे की ‘कॉन्सन्ट्रेट’, हे वाचूनच झाकण फिरवावे.

खरा प्रश्न गंजाचा आहे आणि त्याविषयी निरोपात एक अक्षरही नाही. इंजिनातून फिरणारे पाणी एकाच वेळी ॲल्युमिनियम, बिडाचे लोखंड, पोलाद आणि रबर यांना स्पर्श करत असते. दोन वेगळे धातू आणि मध्ये क्षारांचे पाणी म्हणजे एक छोटी बॅटरीच झाली. त्यात बहुधा ॲल्युमिनियम झिजते. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये धातूवर संरक्षक थर धरतात आणि आम्लता वाढू देत नाहीत. बोअरचे पाणी भरणाऱ्या एका गाडीचा थर्मोस्टॅट उघडताना मी गॅरेजमध्ये उभा होतो. आतून कोऱ्या चहाच्या रंगाचे पाणी आले. पाइप ज्या ॲल्युमिनियमच्या नळीवर क्लिपने आवळलेला होता, तिथे पांढरी पूड साठून नळीची कड खडबडीत झाली होती, त्यामुळे नवा पाइप घालूनही गळती थांबेना. वॉटर पंप काढला तेव्हा पात्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसल्या. गीझरच्या कॉइलवर जसा क्षारांचा थर चढतो, तसाच तो सिलिंडर हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) सर्वांत तापणाऱ्या जागी चढतो, आणि तिथून उष्णता बाहेर पडणे अवघड होते.

आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, परंतु गंजरोधक द्रव्य त्यातही नसते. कॉन्सन्ट्रेटमध्ये मिसळण्यासाठी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी घ्यावे. बॅटरीत भरण्यासाठी पेट्रोल पंपावर मिळते ते.

जुन्या गाड्यांचा दाखला भावनेला पटतो, पण तुलना टिकत नाही. अँबॅसॅडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे होते, रेडिएटर तांब्या-पितळेचा होता, आणि तो चोंदला की रेडिएटरवाला त्याची टाकी उकलून नळ्यांमध्ये सळ्या घालून साफ करून द्यायचा. ज्यांनी त्या गाड्या चालवल्या त्यांना घाटाच्या माथ्यावर बॉनेट उघडून थांबलेल्या रांगाही आठवत असतील. आजचा रेडिएटर पातळ ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांचा असतो. त्यात सळी घालण्याची सोय नाही.

रंगाबाबत थोडक्यात सांगता येईल. हिरवा, गुलाबी, निळा हा केवळ मिसळलेला रंग असतो आणि तो सर्व कंपन्यांत सारखा नसतो. आतली गंजरोधक द्रव्ये निरनिराळ्या जातींची असतात आणि विजोड मिश्रणाने त्यांचे आयुष्य घटते, कधी गाळही धरतो. गाडीच्या पुस्तिकेत जे मानक दिले आहे तेच पाहावे. बदलण्याची मुदतही तिथेच असते.

थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला मला सर्वांत अधिक खटकतो, कारण तो फिटरच्या तोंडूनही ऐकू येतो. हा व्हॉल्व्ह साधारण 82 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडू लागतो आणि इंजिनाला कामाच्या तापमानावर ठेवतो. तो काढला की इंजिन बराच वेळ थंड राहते, ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्त इंधन देत राहते, ऑइलमधली ओल उडून जात नाही आणि झीज वाढते. ज्या कारणाने गाडी तापत होती, म्हणजे चोंदलेला रेडिएटर, बंद पडलेला पंखा किंवा गळका पंप, ते तसेच राहते. व्हॉल्व्ह अडकला असेल तर नवा बसवावा.

राहिला भरत राहण्याचा मुद्दा. ही बंदिस्त यंत्रणा आहे; वर्षाकाठी किंचित उतरणे वेगळे, पण दर पंधरवड्याला पाणी मागणारी गाडी कुठेतरी गळत असते. पाइपांच्या सांध्यांवर वाळलेली गुलाबी किंवा हिरवी खपली, वॉटर पंपाखाली ओल, ऑइलच्या झाकणाला दुधाळ साय, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर ही चिन्हे शोधावीत. शेवटची दोन हेड गॅस्केटकडे, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलकडे, बोट दाखवतात. पातळी पाहायची ती सकाळी, थंड इंजिनावर, सपाट जागी, टाकीवरच्या मिन आणि मॅक्स या खुणांच्या मध्ये. गाडी तापलेली असताना झाकण उघडले तर दाब एकदम सुटून आतले द्रव उसळते आणि हात-तोंड भाजते. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो. रस्त्यात अडकलात तर इंजिन पूर्ण निवू द्यावे, मग हाताशी असेल ते स्वच्छ पाणी घालून गॅरेज गाठावे, आणि तिथे ते काढून योग्य मिश्रण भरावे. तापमानाच्या काट्यावरही पूर्ण विसंबू नये, कारण कूलंट वाहून गेले आणि सेन्सर कोरडा पडला की काटा खाली दिसू शकतो.

विषारी असल्याचे विधान खरे आहे आणि ते गांभीर्याने घ्यावे. इथिलीन ग्लायकॉलची चव गोडसर असते, त्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटतात, आणि थोड्या मात्रेनेही मूत्रपिंडे निकामी होऊन दगावतात. डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा, फरशीवर सांडलेले लगेच धुऊन पुसावे, आणि काढलेले जुने कूलंट गटारात न ओतता झाकणाच्या कॅनमध्ये भरून, ते रीतसर विल्हेवाटीसाठी घेणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्यावे.