दोन छत्र्या आणि एक काका

परवा माझं मॉडेल रॉकेट ठरल्याप्रमाणे उडलं, ठरल्याप्रमाणे उतरलं, आणि त्याबद्दल एका अनोळखी गृहस्थांनी पाठीवर हात ठेवून माझं सांत्वन केलं.

प्रकरण थोडक्यात असं. मोटर जी वर्गाची, म्हणजे मिड-पॉवर, मध्यम ताकदीच्या मोटरींमधली सगळ्यात वरची पायरी. पोटात हवेच्या दाबावरून उंची ओळखणारा अल्टिमीटर. रॉकेट टोकाला पोहोचलं की पहिला चार्ज, म्हणजे बंदुकीच्या दारूची पुडी, उडतो आणि ड्रोग, म्हणजे छोटी छत्री, बाहेर पडते. मोठी छत्री जमीन 150 मीटरवर आली की. मधल्या काळात रॉकेट दोन तुकडे होऊन दोरीला लोंबकळत, सेकंदाला वीसेक मीटरच्या वेगानं खाली येत असतं. तसंच यायचं असतं. पण बघणाऱ्याला वाटतं, गेलं.

काका मात्र उड्डाणाच्या बरेच आधी प्रकट झाले होते. मी रॉकेट रेलवर, म्हणजे उड्डाणाच्या उभ्या दांड्यावर, चढवत होतो.

"अरे, इथं भोक राहिलंय."

"राहिलेलं नाही काका, पाडलंय. अल्टिमीटरला बाहेरची हवा कळायला लागते."

"आणि इकडेही आहे!"

"तेही पाडलंय."

"मग गळेल ना."

"काय गळेल?"

काकांनी क्षणभर विचार केला. "हवा," ते म्हणाले.

मी रॉकेटचं बटण रेलच्या खाचेत नीट बसतंय का बघायला वाकलो. सरळ झालो तर काका माझ्याच टूलबॉक्समधली काळी चिकटपट्टी दातानं तोडून दुसऱ्या भोकावर अंगठ्यानं चेपत होते. अगदी प्रेमानं. सगळी भोकं बुजली की त्या कप्प्यातला दाब जमिनीवरचाच राहतो, अल्टिमीटरला वाटतं आपण अजून खालीच आहोत, आणि दोन्ही छत्र्या पोटात घेऊन रॉकेट नाक खाली करून परत येतं. हे मी सांगितलं. काका म्हणाले, "तुझी मर्जी. मी आपलं दिसलं म्हणून बोललो."

पट्टी निघाली, गोंद राहिला. तो स्पिरिटनं पुसावा लागला, कारण भोकाची कड स्वच्छ नसेल तर वाऱ्याचा झोत वेडावाकडा आत शिरतो आणि दाब चुकीचा वाचला जातो. मग अल्टिमीटर सुरू केला. त्यानं तीन-तीन बीप द्यायला सुरुवात केली. माझ्या यंत्राच्या भाषेत त्याचा अर्थ, दोन्ही चार्जच्या तारा शाबूत.

"बॅटरी उतरलीय वाटतं," काका.

रॉकेट सुटलं आणि टाळ्या पडल्या. हे मला नेहमीच खुपतं. मोटर जळते जेमतेम दोन सेकंद, आणि ती तयार विकत मिळते. त्यात माझं कर्तृत्व शून्य. माझ्या रात्री गेल्या त्या उतरण्यात. बंदुकीची दारू ग्रॅमच्या दशांशात तोलणं, छत्रीला टाल्कम पावडर लावून घड्या घालणं, नायलॉनच्या शिअर पिना बसवणं. शिअर पिन म्हणजे वेळेआधी मोडू नये आणि वेळेवर मोडलाच पाहिजे असा स्क्रू. एवढी शिस्त माणसांत दिसत नाही. 1954 साली ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या चपलांच्या दुकानदारानं पहिलं मॉडेल रॉकेट बनवलं, तेव्हा त्यातही पॅराशूट होतंच. वर पाठवणं हा अर्धाच उद्योग आहे, हे त्याला तेव्हा कळलं होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांना अजून कळलेलं नाही.

तर वर धुराचा ठिपका दिसला, ड्रोग बाहेर आला, तुकडे गरगरत खाली निघाले. मी आनंदानं मूठ वळली. आणि पाठीवर हात पडला.

"जाऊ दे. होतं असं."

"काका, हे बरोबर चाललंय."

"हो हो," काका हळुवार आवाजात म्हणाले. "बरोबरच आहे."

150 मीटरवर मोठी छत्री फट्कन उघडली. काका मागच्यांकडे वळून ओरडले, "उघडली रे! उशिरा का होईना, नशीब बलवत्तर पोराचं!" आता टाळ्या पडल्या त्या नशिबाला.

रॉकेटजवळ गेलो तेव्हा अल्टिमीटर उंची सांगत होता. चार बीप, थांबून चार, थांबून सात. 447 मीटर.

"रडतंय बिचारं," काका म्हणाले. हो, तेही आले होते. "पण मला सांग, दोन छत्र्या कशाला? एकच भक्कम लावायची."

इथं मी चिडलो आणि हिशेब मांडला. साडेचारशे मीटरवर मोठी छत्री उघडली, तर सेकंदाला पाच मीटरनं उतरायला दीड मिनिट लागतं. वाराही तेवढ्याच वेगाचा असला, तर रॉकेट साडेचारशे मीटर लांब जाऊन पडणार. दोन टप्प्यांत उतरवलं की पाऊण मिनिटात खाली, अंतर निम्मं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे वारा नसता, तर एकच पुरली असती?"

"...हो."

"मग वारा नसताना उडवायचं ना," काका म्हणाले, आणि माझी चिकटपट्टी खिशात घालून निघून गेले.